जवारी

इनास सर कॅम्प सोडून वास्कोला गेले
तेव्हा गिटार मला दिली, आत चिठ्ठी:
ई ए डी जी बी ई.
याच्या बाहेर जाऊ नकोस, मान वाकेल.

दीड महिना मी गेले नाही.

वडगावात आमच्या बोळात चौतीस माग.
साडेसातला सुरू होतात, आठपर्यंत
ऐकू यायचे बंद होतात.
उरते ती कोपऱ्यावरची डीपी.
तिच्या पत्र्यावर दोन लिप्यांतल्या पत्रकांचे थर,
खाली शेळी बांधलेली,
आत एकच हूं, बारा महिने.

फोनवरचा ट्यूनर तिच्याजवळ धरला.
काटा थरथरत राहिला, हिरवा झालाच नाही.
पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली,
पेटीवर जिथं बोट ठेवायला जागा नाही
तिथं ती राहते.

मग पाचवी जरा उतरवली.
चौथी केसभर चढवली, तिसरीही.
दुसरी खाली खाली आणली, तिसरीच्या दारापर्यंत.
सहावी सोडूनच दिली.
ती आता सूर देत नाही, धाप देते,
लाकडाला चापट मारून परत येते.
पहिली तुटली. बरं झालं,
तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

घोडीवर तारेखाली मागाचा सुती धागा सरकवला.
थोडा पुढं. नाही. थोडा मागं.
एका जागी तार धरली,
पंपाचा स्टोव्ह धरतो तशी.
निंगव्वा दारात कांड्या भरत होती,
मान वर न करता म्हणाली,
"जवारी आवाज हाय बघ."
म्हणजे गावठी. जवारी कोंबडी, जवारी काकडी, तसलं.
मिरजेचा तंबोरेवाला हाच शब्द
धाग्याच्या याच जागेला वापरतो.
मी दोघांपैकी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

जत्रेतला हातपंखा, पाती काढून दोरा बांधलेला,
तारेजवळ नेला की तार थांबायची विसरते.
चाळीस मिनिटं तेच.
तेच म्हणजे तेच नाही, आत कुणीतरी
सारखं सामान हलवत असतं.
चुलतभाऊ भरमू वीस मिनिटं बसला
आणि अगदी मनापासून विचारलं,
"गाणं कधी सुरू हुतंय?"

गुरुवारी सव्वातीनला लाईट गेली.
सगळे माग एकदम. चाकं तेवढी
आपल्याच वजनानं दोनदा फिरली.
डीपी गप्प. शेळीनं मान वर केली.
पंख्यात सेल होते.
गिटारनं डीपीचा सूर सांभाळला,
पाच मिनिटं दुकानात बस म्हटल्यावर
शेजारचं पोर बसतं तसा.

अण्णा आत आले. एकतीस वर्षं चार मागांच्या मध्ये उभे,
माझं बोलणं त्यांना ओठांवरून कळतं.
गिटारच्या पाठीवर त्यांनी तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
दुसरी आणि तिसरी, एकमेकींपासून जेमतेम सुटलेल्या,
त्यांच्यामध्ये एक लाट,
येते, बसते, येते,
मी दोन दिवस खपून बसवलेली.

"पट्टा सैल हाय," अण्णा म्हणाले.

आणि बरोबर तीच खुंटी धरली.
कशी ओळखली, देव जाणे.
मोटारीचा नट आवळतात तशी पिळली,
लाट लांब झाली, आणखी लांब,
मग नव्हतीच.
"आता कापड सरळ येईल."
हात लुंगीला पुसून ते बाहेर गेले,
शेजाऱ्याला विचारायला, तुमचीबी गेलीय काय.

रात्री मी खुंटी परत सोडली.
सगळी नाही.
पंखा लावला, आणि या वेळी कान न देता
तळवा पाठीवर ठेवून बसले.

खरंच. सैल पट्टा असाच लागतो हाताला.
बाहेर डीपी तिच्या जागेवर होती.
कापड तिरकं येईना का.